मृत्युपत्राच्या अलीकडची वर्षे

म्हातारपणाची कायदेशीर तरतूद म्हणजे मृत्युपत्र, ही समजूत मुंबईतील मध्यमवर्गीय मराठी घरांत इतकी मुरली आहे की तिच्याकडे समजूत म्हणून कोणी पाहतही नाही. ज्येष्ठ नागरिक संघांतील व्याख्याने, वृत्तपत्रांतील कायदेविषयक सदरे आणि घरोघरची बोलणी यांचा सूर एकच असतो: मृत्युपत्र करून ठेवावे, बँकेत आणि सोसायटीत नामनिर्देशन करावे, जमल्यास घर हयातीतच मुलाच्या नावावर करून मोकळे व्हावे, पुढचे कुटुंब पाहील, आणि न पाहिल्यास ज्येष्ठ नागरिकांसाठीचा २००७ चा कायदा आहेच. हा सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण सल्ला अपुरा आहे आणि काही ठिकाणी सरळसरळ घातक आहे. त्यातील जवळजवळ प्रत्येक कागद माणूस गेल्यानंतर त्याच्या मालमत्तेचे काय होईल हे सांगतो. माणूस अंथरुणाला खिळल्यापासून जाईपर्यंतच्या पाच-दहा वर्षांत त्याच्या वतीने निर्णय कोणी घ्यायचे आणि त्याच्या शुश्रूषेचा खर्च कोणत्या पैशातून भागवायचा, या दोन प्रश्नांपर्यंत तो पोहोचतच नाही.

हा दावा तपासण्यासाठी गिरगावातील खोताची वाडी निवडण्याचे कारण तिचे लाकडी जिने आणि रंगीत सज्जे हे नाही. त्यांचे कौतुक पुष्कळ झाले आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत यांनी आपल्या जमिनीचे तुकडे प्रामुख्याने ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसई परिसरातील मूळच्या रोमन कॅथलिक कुटुंबांना विकले आणि त्यातून ही वस्ती उभी राहिली. एकेकाळी पासष्टच्या आसपास असलेल्या घरांपैकी आज तिसाच्या आतच शिल्लक आहेत, आणि त्यांना लागूनच गिरगावच्या चाळी आहेत. वृद्धांच्या मालमत्तेचे मुंबईतील दोन अवघड प्रकार येथे भिंतीला भिंत लावून नांदतात: एकीकडे पिढ्यान्‌पिढ्या वाटणी न झालेले, अनेक हिस्सेदारांचे मालकीचे घर, आणि दुसरीकडे पागडीची, म्हणजे भाडेकरूने मोठी रक्कम आगाऊ मोजून अल्प भाड्यावर कायमची घेतलेली खोली. दोन्ही प्रकारांत कागदोपत्री किंमत प्रचंड आणि हाताशी रोकड नगण्य. नेहमीचा सल्ला या दोन्ही दारांत अडखळतो.

चाळीतल्या खोलीपासून सुरुवात करणे योग्य, कारण तेथे मृत्युपत्राचा सल्ला मुळातच लागू पडत नाही. भाडेहक्क मृत्युपत्राने देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली वसंत प्रताप पंडित विरुद्ध डॉ. अनंत त्रिंबक सबनीस या खटल्यात जुन्या मुंबई भाडे कायद्याचा अर्थ लावताना हे स्पष्ट केले, आणि आज लागू असलेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ मधील तरतूदही त्याच वळणाची आहे. भाडेकरू वारल्यावर भाडेहक्क त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहत असलेल्या कुटुंबीयाकडे जातो. तसा कोणी नसेल तरच अन्य वारसांचा विचार होतो, आणि त्यांच्यात एकमत नसेल तर न्यायालय ठरवते. याचा व्यवहारातील अर्थ असा की डोंबिवलीहून रोज सकाळची लोकल पकडून आईचे औषधपाणी करायला येणारी मुलगी कायद्याच्या नजरेत मागे पडते आणि शेवटच्या वर्षी बिऱ्हाड हलवून खोलीत मुक्कामाला आलेला पुतण्या, तो कुटुंबीय ठरला तर, पुढे सरकतो. सेवा कोणी केली याची दखल ही तरतूद घेत नाही. वळकटी कोणाची होती एवढेच ती विचारते. अशा खोलीसाठी आजी-आजोबांनी नोंदणीकृत मृत्युपत्र केले असेल तर त्या कागदाने त्यांना समाधान मिळते, वारसांना मात्र केवळ वादाचे एक जादा कारण.

याहून गंभीर बाब भाडेकरू जिवंत असतानाची आहे. त्याच अधिनियमाच्या कलम १६ नुसार, ज्या कारणासाठी जागा भाड्याने दिली त्या कारणासाठी ती सलग सहा महिने वाजवी कारणाशिवाय वापरली गेली नाही, तर मालकाला ताबा मागता येतो. एकट्या राहणाऱ्या वृद्धेचे खुब्याचे हाड मोडले, तिसरा मजला चढणे अशक्य झाले आणि ती लेकीकडे किंवा शुश्रूषागृहात राहायला गेली, की दाराला लागलेल्या कुलपाबरोबर घड्याळही सुरू होते. आजारपण हे वाजवी कारण आहे असे तिला न्यायालयात म्हणता येते, आणि ते बहुधा ऐकलेही जाईल; परंतु ते सिद्ध करण्याचा भार तिच्यावर पडतो, तोही हाताशी चालणे-फिरणे आणि कदाचित स्मरणही राहिलेले नसताना. खोली दुसऱ्याला भाड्याने देऊन त्या पैशात ब्यूरोमार्फत सांभाळणारी बाई ठेवावी, तर मालकाच्या संमतीविना पोटभाडेकरू ठेवणे हेच ताबा जाण्याचे स्वतंत्र कारण ठरते. उलट तारण योजना, म्हणजे ज्येष्ठ नागरिकाने राहते घर बँकेकडे तारण ठेवून दरमहा रक्कम घ्यावी आणि कर्ज त्याच्या पश्चात घराच्या विक्रीतून फिटावे अशी २००७ पासूनची सोय, स्वकष्टार्जित आणि निर्विवाद मालकीच्या घरालाच मिळते. ती भाडेकरूच्या कामाची नाही, आणि वाडीतल्या अविभक्त घरात राहणाऱ्या हिस्सेदाराच्याही नाही. लाखोंच्या जागेत राहणारा माणूस औषधाच्या पैशासाठी भाच्याकडे पाहतो, तो आळसामुळे किंवा अज्ञानामुळे नव्हे. त्याची संपत्ती फक्त राहण्यापुरतीच त्याची असते.

यावर सल्लागारांचे ठरलेले उत्तर असते की चाळ अपवाद आहे, मालकीच्या घरात प्रश्न येत नाही. तेथे बक्षीसपत्र करावे. या उत्तरामागे एक आकर्षण आहे. महाराष्ट्रात राहते घर पती किंवा पत्नी, मुलगा-मुलगी, नातवंडे अथवा मृत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिले तर मुद्रांकशुल्क केवळ २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार तेवढा वेगळा. इतक्या स्वस्तात इतका मोठा आणि इतका न फिरणारा व्यवहार दुसरा सापडणे कठीण. बक्षीसपत्र नोंदले की मालकी त्याच दिवशी जाते, आणि देणाऱ्याचे मन पुढे बदलले एवढ्या कारणाने ते रद्द होत नाही. मृत्युपत्र मात्र शेवटच्या शुद्धीपर्यंत कितीही वेळा बदलता येते. तरीही उपनिबंधकाच्या कार्यालयात बक्षीसपत्राला पसंती मिळते, कारण खर्च कमी आणि ‘नंतरची कटकट नको’. ही कटकट नेमकी कोणाची वाचते, हे विचारायला हवे.

येथे २००७ च्या माता-पिता व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ आणि कल्याण अधिनियमाचे कलम २३ पुढे केले जाते. ज्येष्ठ नागरिकाने आपल्या मूलभूत गरजा भागवल्या जातील या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने अट मोडली, तर ते हस्तांतर फसवणुकीने झाले असे मानून देणाऱ्याच्या इच्छेवरून रद्द करता येते, असे ते कलम सांगते. सर्वोच्च न्यायालयाने ६ डिसेंबर २०२२ रोजी सुदेश छिकारा विरुद्ध रामती देवी या निकालात बजावले की अशी अट होती हे दाखवावे लागते, ती गृहीत धरता येत नाही. पुढे २ जानेवारी २०२५ च्या ऊर्मिला दीक्षित विरुद्ध सुनील शरण दीक्षित या निकालाचा गाजावाजा असा झाला की जणू आता कोणतेही बक्षीसपत्र परत घेता येते. तो निकाल उदार आहे, कायद्याचा अर्थ वृद्धांच्या हिताचा लावावा असे तो सांगतो आणि त्या कायद्याखालील न्यायाधिकरणाला ताबा परत देण्याचा अधिकार असल्याचे मान्य करतो. पण त्या प्रकरणात मुलाने आईवडिलांना सांभाळण्याचे वचनपत्र लिहून दिलेले होते. ज्या घरांत ‘पोटच्या पोराकडून काय लिहून घ्यायचे’ म्हणून अशी एक ओळही लिहिली जात नाही, त्यांना या निकालाचा आधार किती पुरेल हे सांगण्यासाठी कायदेपंडित लागत नाही.

बक्षीसपत्र करायचेच असेल तर त्यात सांभाळाची अट स्पष्ट शब्दांत हवी, आणि त्याहून महत्त्वाचा आहे आजीव हक्क, म्हणजे मालकी मुलाकडे गेली तरी देणाऱ्याने हयातभर घरात राहण्याचा व घराचे उत्पन्न घेण्याचा राखून ठेवलेला अधिकार. असा हक्क राखूनही बक्षीसपत्र वैध राहते, हे रेणीकुंटला राजम्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवले आहे. तरीही छापील नमुन्यावर नावे भरून तयार होणाऱ्या दस्तांत हा परिच्छेद आपोआप येत नाही; तो मागावा लागतो.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्याकडे मृत्युपत्रवाद्यांचे सर्वाधिक दुर्लक्ष झाले आहे. भारतातील एका मोठ्या पाहणीनुसार साठीपुढील सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे. पक्षाघात आणि दीर्घ बेशुद्धी यांची भर वेगळी. अशा आजाराची तरतूद म्हणून बहुतेक कुटुंबांकडे कुलमुखत्यारपत्र असते, म्हणजे आपल्या वतीने सही करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणारा दस्त. पण भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम २०१ सांगते की अधिकार देणाऱ्याचे मन अस्थिर झाले की तो अधिकार संपतो. ज्या दिवसासाठी कागद केला, नेमका त्याच दिवशी कागद मरतो. मुलगा त्यानंतरही त्यावर सह्या करत राहतो, बँकेचा कारकून ओळखीचा म्हणून काही विचारत नाही, आणि सारे सुरळीत चालले आहे असे वाटते. एखादा भाऊ दुखावला की मात्र त्या सगळ्या सह्या प्रश्नांकित होतात. बँकेतले ‘दोघांपैकी कोणीही’ प्रकारचे संयुक्त खाते किराणा आणि औषधांपुरते उपयोगी पडते. घर विकणे, दुरुस्तीसाठी कर्ज काढणे किंवा खटला चालवणे त्यातून साधत नाही.

कुलमुखत्यारपत्र संपल्यावर पुढचा मार्ग कोणता, याचे उत्तर कायद्यात सरळ नाही. १९८७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमात जिल्हा न्यायालयाने मालमत्तेसाठी पालक किंवा व्यवस्थापक नेमण्याची तरतूद होती. त्या जागी आलेल्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने उपचारांबाबत आगाऊ निर्देश आणि नामनिर्देशित प्रतिनिधी ही चांगली साधने दिली, पण मालमत्तेचा भाग गाळला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील मर्यादित पालकत्व त्या व्यक्तीशी सल्लामसलत करून निर्णय घेण्यावर उभे आहे. समोरचा माणूस स्वतःच्या मुलालाच ओळखत नसेल तेव्हा ही सल्लामसलत कशी व्हावी? राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यापुरता आहे. राहता राहिले उच्च न्यायालय. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये रजनी हरिओम शर्मा प्रकरणात दीर्घ बेशुद्धीत असलेल्या पतीची पालक म्हणून पत्नीला नेमले, ते कोणत्याही विशिष्ट कायद्याखाली नव्हे. असहाय व्यक्तीचे अंतिम पालकत्व राज्याकडे असते या तत्त्वाचा आधार घेऊन, राज्यघटनेच्या कलम २२६ खालील असाधारण अधिकारातून. निकाल मानवी आहे, पण नवऱ्याचे खाते चालवता यावे म्हणून पत्नीला रिट याचिका करावी लागणे हे व्यवस्थेचे यश म्हणता येत नाही.

खोताच्या वाडीत ही उणीव आणखी तीव्र होते. समजा एका घराचे चार हिस्सेदार आहेत, दोघे परदेशी, एक वांद्र्याला आणि एक वाडीतच. वाडीतल्या बहिणीला स्मृतिभ्रंश झाला, की छप्पर शाकारायचे असो की घर विकायचे, चौथी सही मिळत नाही. वारसा जतन करणाऱ्यांना वाटते बिल्डर घर खातो, बिल्डरला वाटते हिस्सेदार आडमुठे आहेत. सहीच्या क्षमतेचा प्रश्न दोघांच्याही चर्चेत नसतो. शेजारच्या उपकरप्राप्त चाळीचा, म्हणजे म्हाडाकडून होणाऱ्या दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतीचा, पुनर्विकास निघाला की कायमस्वरूपी पर्यायी जागेच्या करारावर भाडेकरूची सही लागते. ऐंशी वर्षांच्या भाडेकरूच्या आयुष्यातील हा सर्वांत मोठा आर्थिक करार असतो आणि तो करताना त्याची समज किती शाबूत आहे, हे तपासण्याची कोणालाच घाई नसते. याउलट इंग्लंडमध्ये २००५ च्या मानसिक क्षमता अधिनियमाने समज गेल्यानंतरही टिकणारे, सरकारी नोंदणीत राहणारे मुखत्यारपत्र दिले. जपानने २००० साली दीर्घकालीन शुश्रूषा विमा आणि प्रौढांच्या पालकत्वाची नवी पद्धत एकाच वर्षी अमलात आणली, कारण पैसा आणि निर्णय हे एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत हे तेथे ओळखले गेले. भारतात सत्तरीपुढील सर्वांना २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ते रुग्णालयातील उपचारांसाठी. रुग्णालयाने घरी पाठवल्यानंतर कूस बदलायला लागणाऱ्या माणसासाठी त्यात काही नाही.

शेवटचा आक्षेप नैतिक आहे आणि तो सर्वांत आदराने घ्यायला हवा. गिरगावात शेजारधर्म आहे, लेकी-सुना आहेत, अटी लिहून घेणे हा रक्ताच्या नात्याचा अपमान आहे, असे म्हटले जाते. शेजारधर्म खराच आहे. पण डिसेंबर २०१७ मध्ये याच गिरगावातल्या ठाकूरद्वार भागातील एका अपत्यहीन वृद्ध दांपत्याने राष्ट्रपतींकडे इच्छामरणाची परवानगी मागितली, तेव्हा त्यांना कोणताही असाध्य आजार नव्हता. पुढे परावलंबी होण्याची वेळ येऊ नये, एवढीच त्यांची इच्छा होती. शेजार त्यांनाही होता. सुनांबद्दल म्हणावे तर २००७ च्या अधिनियमातील अपत्यांच्या व्याख्येत मुलगा, मुलगी आणि नातवंडे आहेत, सून नाही. दोन खोल्यांच्या घरात सासऱ्याचे सगळे अंगावर घेणारी बाई या कायद्याला दिसते ती बहुधा घराबाहेर काढण्याच्या अर्जातील प्रतिवादी म्हणून, आणि सर्वोच्च न्यायालयाला डिसेंबर २०२० च्या एस. वनिता निकालात आठवण करून द्यावी लागली की कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने तिला मिळालेला निवासाचा हक्कही तोलला पाहिजे. अपत्यहीनांना निर्वाह मागता येतो तो त्यांची मालमत्ता ज्याच्याकडे आहे किंवा वारशाने जाईल अशा नातेवाइकाकडे. म्हणजे येथेही सेवेचे नाते वारशातूनच मोजले जाते. निर्वाहाची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये आहे, ज्यात मुंबईत चोवीस तासांची बाई महिनाभर परवडत नाही. ही मर्यादा हटवणारे आणि जावई-सुनांना व्याख्येत आणणारे विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले व सतराव्या लोकसभेबरोबर व्यपगत झाले.

रक्ताचे नाते हाच एकमेव आधार, या गृहीतकाला याच शहरातून एक उत्तर आधीच मिळालेले आहे. परळच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर २०१५ मध्ये निधन होईपर्यंत तेथेच होत्या. त्यांच्या वतीने कोणी बोलायचे, हा प्रश्न २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा न्यायालयाने तो मान त्यांची जवळजवळ चार दशके शुश्रूषा करणाऱ्या केईएमच्या कर्मचारीवर्गाला दिला. कायदा सेवेला ओळखू शकतो. पण त्यासाठी ती व्यक्ती आधी नेमून ठेवण्याची सोय सामान्य माणसाला हवी. उपचार थांबवण्यापुरती ती सोय आज आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या कॉमन कॉज निकालात २४ जानेवारी २०२३ रोजी झालेल्या सुधारणांनंतर जीवनेच्छापत्र, म्हणजे अखेरच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच सांगणारा दस्त, दोन साक्षीदारांसमोर करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येते, पूर्वीसारखी दंडाधिकाऱ्याची गरज नाही. आणि मुंबईत डॉ. निखिल दातार यांच्या पाठपुराव्यानंतर महानगरपालिकेने अशा पत्रांच्या प्रती जपणारे अधिकारी नेमले आहेत. अतिदक्षता विभागातील शेवटचे दिवस असे कायद्याच्या कक्षेत आले, त्याआधीची वर्षे मात्र बाहेरच राहिली.

समज गेल्यावरही टिकणाऱ्या मुखत्यारपत्रासाठी दिल्लीकडे पाहावे लागेल असे म्हणून हा प्रश्न पुढे ढकलला जातो. तेही पूर्ण खरे नाही, कारण करार हा विषय समवर्ती सूचीत आहे आणि राष्ट्रपतींच्या संमतीने राज्याला करार अधिनियमात आपल्यापुरती दुरुस्ती करता येते. भाडेनियंत्रण अधिनियम तर पूर्णपणे महाराष्ट्राचाच आहे. आजारपण किंवा शुश्रूषेसाठी अन्यत्र राहावे लागणे हे कलम १६ मधील वाजवी कारण मानावे, आणि मृत्यूच्या वेळी सोबत राहण्याइतकेच वजन प्रत्यक्ष सांभाळ करणाऱ्या वारसाला द्यावे, एवढी दोन वाक्ये विधिमंडळाला त्यात घालता येतील. ती येईपर्यंत लेकीकडे हलणाऱ्या भाडेकरूने खोलीला कुलूप लावण्याआधी मालकाला पोच मिळेल अशा टपालाने आजाराचे कारण कळवावे, डॉक्टरचा कागद जोडावा, भाडे आपल्याच नावाने भरून पावती घ्यावी, वीजजोडणी चालू ठेवावी, आणि हे सारे मुलीच्या नव्हे तर स्वतःच्या सहीने करावे, तेही ती सही ओळखू येण्यासारखी आहे तोवर.